गोळ्यावरचं नाव

राठोडमामांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं, असं समितीने कळवलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. नम्रतेपोटी नव्हे. नम्रता मला कधी फारशी जमली नाही, हे माझे विद्यार्थी आनंदाने सांगतील. कारण वेगळं होतं आणि ते पुढे येईलच. समितीचे लोक म्हणाले की माझं नाव खुद्द मामांनी सुचवलं आहे. मग मात्र मला पळवाट उरली नाही.

मामांची आणि माझी पहिली भेट नव्वदच्या सुमाराची. लिंबाळीच्या हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवायला मी नुकताच लागलो होतो. घर वसमतला, नोकरी लिंबाळीला, आणि दोहोंच्या मध्ये छोट्या लाईनची सकाळची पॅसेंजर. पहिल्या दिवशी गाडी थांबली तरी मी दारातच उभा. खाली फलाट दिसेना. नुसती मुरमाची जमीन, एक कडुलिंब आणि कौलारू खोली. मला वाटलं, गाडी सिग्नलसाठी थांबली असेल. खाली निळ्या सदऱ्यातले एक उंच गृहस्थ काखेत हिरवी झेंडी धरून माझ्याकडे बघत होते. ते शांतपणे म्हणाले, “सर, उतरा आता. फलाट काही तुमच्यापर्यंत येनार न्हाई.”

मी मास्तर आहे हे त्यांना कसं कळलं, ते मी नंतर विचारलं. हातात छत्री, पिशवीत डबा आणि तोंडावर सगळं ठाऊक असल्याचा भाव असला की माणूस मास्तरच असतो, असं त्यांचं निदान होतं. ते किती अचूक होतं हे कळायला मला पंधरासोळा वर्षं लागली.

हे गृहस्थ म्हणजे श्री. थावरा राठोड. स्टेशनमागच्या तांड्यातले. पोरवयात स्टेशनवर पाणीवाला म्हणून लागले आणि पुढे पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, झाले. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी या एका स्टेशनवर काढली. पाटीवर नाव ‘लिंबाळी रोड’. रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ म्हणजे गाव इथून लांब आहे, चालायला लागा. लिंबाळी इथून चांगली कोसभर. पण पाटीवरचं नाव फक्त तिकिटावर चाले. तोंडी सगळे म्हणत ‘नाईकाचं टेसन’. या नाईकाचं पुढे मी काय केलं, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. पण आधी मामांचं काम सांगायला हवं, कारण त्याशिवाय माझी चूक किती मोठी हे कळायचं नाही.

आजच्या मुलांनी गोळा पाहिलेला नाही. छोटी लाईन एकेरी. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी असावी, यासाठी लोखंडी गोळा असे. तो यंत्रातून निघे, कातडी पिशवीत जाई, ती पिशवी वेताच्या मोठ्या कडीला बांधलेली असे. गोळा ड्रायव्हरच्या हातात पडला की पुढचा रस्ता त्याचा. प्रत्येक गोळ्यावर कुठून कुठपर्यंतचा, ते कोरलेलं. मामा कडी ड्रायव्हरला देण्याआधी दर वेळी पिशवी उघडत, गोळा बाहेर काढत, त्यावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत आणि मगच परत ठेवत. मी एकदा त्यांना म्हटलं, मामा, रोज तोच गोळा, रोज तीच अक्षरं, किती वेळा वाचाल? ते म्हणाले, गोळा तोच असतो सर, पण हात रोज तेच नसतात.

याचा प्रत्यय मला एका सकाळी आला. गाडीत जिल्ह्यातले एक मोठे पुढारी होते. त्यांना पुढे सभेला पोचायचं होतं आणि गाडीला आधीच उशीर झाला होता. गडबडीत यंत्रावरच्या नव्या माणसाने मागच्या स्टेशनहून आलेलाच गोळा परत पिशवीत घातला. मामांनी नेहमीप्रमाणे अंगठा फिरवला आणि ते कडी घेऊन खोलीकडे चालू लागले. पुढाऱ्यांची माणसं खाली उतरली, आवाज चढले, नोकरी घालवण्याची भाषा झाली. मामांनी आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाले, “साहेब, गोळ्यावर नाव दुसरं हाय. नाव बराबर असल्याबिगर गाडी सुटत न्हाई.” योग्य गोळा आला, अंगठा फिरला, मग गाडी सुटली. त्या दिवशी वर्गात मी मुलांना ही गोष्ट सांगितली. कर्तव्यनिष्ठा या विषयावर निबंधही लिहून घेतला आणि सगळ्यांचं शुद्धलेखन लाल शाईने तपासलं. गोष्ट मात्र माझ्या स्वतःच्या डोक्यात शिरली नाही.

मामांचा जीव नियमात होता तसा माणसांतही होता. फलाट नसल्यामुळे म्हाताऱ्या माणसांना डब्यात चढणं म्हणजे संकट. मामांनी रुळांखालच्या जुन्या स्लीपरच्या लाकडाची एक पायरी करवून घेतली होती. गाडी आली की ते ती दारापाशी नेऊन ठेवत. माझ्या आईला गुडघ्याचं दुखणं होतं. ती कधी माझ्यासोबत लिंबाळीला आली की परतताना मामा स्वतः पायरी लावत, वर हाताने दांडा दाखवत आणि आई चढून बसेपर्यंत हिरवी झेंडी उघडत नसत. आई शेवटच्या आजारात अंथरुणावर होती तेव्हा तिला बरीच माणसं आठवत नव्हती. ‘पायरीवाले’ मात्र आठवत होते. दहावीच्या परीक्षेला तांड्यातल्या आणि गावातल्या पोरी पॅसेंजरने वसमतच्या केंद्रावर जात, त्या दिवसांत मामा टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर गाडीच्या बऱ्याच आधी एक टोला जादा देत. त्या टोल्याला पोरींची घंटा म्हणत. त्या पोरींपैकी दोघी आज शिक्षिका आहेत आणि याच ग्रंथात त्यांचे लेख आहेत.

मामा निवृत्त झाले तरी रोज सकाळ-संध्याकाळ स्टेशनवर यायचे आणि कडुलिंबाखाली बसायचे. माझी गाडी सुटेपर्यंत संध्याकाळी तासभर आम्ही बोलत असू. तिथेच त्यांनी मला नाईकाची हकिकत सांगितली, एकदा नव्हे, तुकड्यातुकड्यांनी तीन-चार वेळा.

नाईक म्हणजे त्यांचे आजोबा. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. निजामाच्या अमदानीत ही लाईन मोजायला माणसं आली, तेव्हा गावाने काळ्या जमिनीत स्टेशन नको म्हटलं. धुराने पीक करपेल, अशी भीती होती. मोजणारे माळावर आले. माळावर तांडा उतरलेला होता आणि नाईकाने स्वतःच्या माणसांकडून खोदून घेतलेली विहीर होती. उन्हाळ्यातही न आटणारी. इंजिनाला पाणी लागे. तांड्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा लदेणीचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून गावोगाव पोचवायचा. रूळ आले की बैलांना कोण विचारणार, हे तांड्यातल्या लोकांना दिसत होतं. तरुण माणसं म्हणाली, पाणी द्यायचं नाही. नाईक म्हणाले ते मामांनी मला त्यांच्याच शब्दांत सांगितलं, “तहानेलं आलंय, त्याला पानी न्हाई म्हनू नये. मग ते आपली भाकर घेऊन जानारं काहून असंना.” विहीर दिली, जागा दिली. पुढे तांड्याचे बैल गेले. नाईकाच्या नातवाला त्याच विहिरीवर पाणी भरण्याची नोकरी मिळाली.

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. आणि शेवटी मास्तरी बाण्याने विचारलं, मामा, याला काही कागद आहे का? मामा हसले. म्हणाले, कागद न्हाई, हीर हाय. मी वहीत कंसात लिहिलं, ‘पुरावा नाही.’

दोन हजार सालानंतर छोटी लाईन उखडून मोठी टाकण्याचं ठरलं. गावाने उत्सव समिती केली. नव्या फलाटावर स्टेशनचा इतिहास सांगणारी शिळा बसवायची, सोबत एक छोटी पुस्तिका काढायची आणि दोन्हींचा मजकूर सरांनी लिहायचा, असं ठरलं. मी फुगलो. लिंबाळीत नाईक आडनावाचं एक जुनं, वजनदार घराणं आहे. त्यांच्याकडे सनदा आहेत, वाडवडिलांची नावं लिहिलेले कागद आहेत. ‘नाईकाचं टेसन’ हे नाव या नाईकांवरून पडलं, असं मी ठरवून टाकलं. शोध लावला म्हणायला हवं, कारण त्या कागदांत तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. घराण्याचे वडीलधारे आबासाहेब नाईक प्रामाणिक माणूस. मजकूर वाचून ते म्हणाले की आमच्या घरात असं कधी कुणी सांगितलं नाही. मग म्हणाले, तुम्ही लिहिताय म्हणजे असेल. माझ्या लाल शाईवर त्यांनी विश्वास ठेवला. त्यांचा यात काडीचाही दोष नाही.

मामांची हकिकत मी पुस्तिकेत चार ओळींच्या एका वाक्यात ठेवली होती, ‘अशीही एक दंतकथा सांगितली जाते’ या शब्दांत. छपाईच्या आधी मजकूर चार ओळींनी जास्त भरला. कुठल्या चार ओळी काढायच्या, याचा मला एक क्षणही विचार करावा लागला नाही.

मोठ्या लाईनवरून पहिली गाडी आली तो दिवस. नवा उंच फलाट, झेंडूच्या माळा, ढोल, गावातलं आणि तांड्यातलं झाडून सगळं माणूस. मामांना समितीने बोलावलं होतं, पण बसायला जागा मागच्या रांगेत होती. कार्यक्रम संपल्यावर ते शिळेपाशी आले. तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शिळेवर वरची ओळ मोठ्या अक्षरांत होती, ‘नाईकांचे स्टेशन’. खालचा मजकूर इतका बारीक होता की तो कुणी वाकून वाचत नसे. मामांनी वरच्या ओळीवरून अंगठा फिरवला, गोळ्यावरून फिरवायचे तसा. मग मामींना हाक मारली, “हिकडं ये. आज्ज्याचं नाव लिवलंय.” मामी आल्या. दोघांनी वहाणा काढल्या आणि दगडाला हात लावून कपाळाला लावला. मी बाजूलाच उभा होतो. मामांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, “सर, तुमी ध्यानात ठिवलं.”

मी म्हणालो, “हो मामा.”

आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन. पण इतकं स्वच्छ, इतकं सोपं खोटं दुसरं नाही. खालच्या बारीक अक्षरांत दुसऱ्याच नाईकांचं नाव होतं, आणि ते मी लिहिलेलं होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं आणि मला लाज वाटली असती. लाज वाचवण्यासाठी मी हो म्हटलं. ती वाचली नाही, फक्त व्याजासकट पुढे ढकलली गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी वसमतला मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियांचं शिबिर होणार असल्याची बातमी पेपरात आली. ती बातमी मी दोन दिवस कुणालाच सांगितली नाही. मामांना दिसायला लागलं की ते काय वाचतील, हे मला ठाऊक होतं. ज्या माणसाने माझ्या आईसाठी पायरी लावली, त्याने आंधळं राहिलेलं बरं, असा विचार मी दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. मी तांड्यावर गेलो, मामांना सोबत घेतलं आणि शिबिरात नाव घातलं. फॉर्मवर सोबत आलेल्या माणसाची सही माझी आहे. मामा सगळ्यांना कौतुकाने सांगत, माझे डोळे सरांनी उघडले.

पट्टी निघाल्यावर महिनाभराने मामा एकटेच मोठ्या लाईनच्या गाडीने वसमतला माझ्या घरी आले. मी दार उघडलं आणि त्यांच्याकडे बघूनच ओळखलं. बसा म्हटलं तर बसले. चहा घेतला. मग म्हणाले की दगड वाचला. सगळा वाचला, खालपर्यंत. मी माफी मागायला तोंड उघडलं. कागद नव्हता, अनुमान चुकलं, असं काहीबाही बोलू लागलो. मामांनी हाताने थांबवलं.

“दगडाचं काई न्हाई, सर. माणूस चुकतो. मीबी एक-दोनदा चुकीचा पॉइंट लावलाय. पन त्या दिवशी तुमी माझ्या बाजूला उभे होते. मी म्हनलं, ध्यानात ठिवलं. तुमी व्हय काहून म्हनले?”

मी म्हणालो, रागवा तरी. ते म्हणाले, राग आला असता तर इतकी तकलीफ घेऊन आलो नसतो. मग पाणी मागितलं, प्याले, तांब्या खाली ठेवला आणि परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठले. मी त्यांना पोचवायला वसमत स्टेशनवर गेलो. गाडीत चढताना मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला.

यापुढची गोष्ट मला सर्वांत जास्त लाजवते. मामांनी हे तांड्यात कुणालाही सांगितलं नाही. मामींनाही नाही. मामी अजून सणासुदीला त्या शिळेला हळदकुंकू लावत होत्या आणि मामा ते बघून गप्प राहत होते. माझी अब्रू त्यांनी झाकून ठेवली. पुढे या गौरवग्रंथाची बैठक झाली तेव्हा लेख कुणी लिहावा असं त्यांना विचारलं गेलं. ते म्हणाले, सरच लिहितील, त्यांना ठावं हाय. बैठकीतल्या लोकांना वाटलं, सरांना मामांच्या आयुष्याची माहिती आहे. काय ठावं आहे, ते आम्हा दोघांनाच कळलं.

समितीच्या निरोपानंतर मी आधी आबासाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी माझी पाठ थोपटली नाही, ते बरं झालं. म्हणाले, मी तेव्हाच म्हटलं होतं. मग शिळा बदलण्याच्या अर्जावर पहिली सही त्यांनीच केली. दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर जाऊन मामींच्या पायाशी बसलो आणि त्यांनाही सांगितलं. मामी म्हणाल्या, हळदकुंकू तर आमी नाईकालाच लावलं, वर कुनाचंबी नाव असंना. मामा अंगणात दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण दोर वळणारे हात थांबले होते.

हिंगोलीहून दगड कोरणारा कारागीर आला तेव्हा माझी आणखी एक चूक उघडी पडली. त्याने विचारलं, नाव काय टाकायचं? मी वही उघडली. पानोपान ‘नाईक’, ‘नाईक म्हणाले’, ‘नाईकाची विहीर’. आजोबांचं नाव एकाही पानावर नव्हतं. कागद आहे का, हे मी विचारलं होतं. नाव काय, हे इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. मी तसाच उठून मामांकडे गेलो आणि विचारलं. मामांनी नाव सांगितलं. मी लिहिलं. मग त्यांनी वही मागितली, मी लिहिलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि वही परत दिली. म्हणाले, बराबर हाय.

ते नाव मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या दगड फुटला तरी राहील. लखू रूपा राठोड, लिंबाळीच्या तांड्याचे नाईक. लदेणीचा धंदा बुडणार हे दिसत असताना इंजिनाला पाणी देणारे. ही दंतकथा नाही. ती दंतकथा म्हणणारा मास्तर चुकला होता.

नवी शिळा मामांच्या वाढदिवसाला बसते आहे. मामांना शंभर वर्षं आयुष्य लाभावं, त्यांच्या नव्या डोळ्यांना खालच्या ओळीतलं शेवटचं बारीक अक्षरसुद्धा दिसत राहावं, मामींची सोबत असावी, आणि कडुलिंबाखालची त्यांची जागा कधी रिकामी दिसू नये, ही माझी मनापासूनची प्रार्थना. त्या दिवशी मी पुन्हा त्यांच्या बाजूला उभा असेन. या वेळी सगळा मजकूर मी मोठ्याने वाचणार आहे, वरच्या ओळीपासून खालपर्यंत.

आणि मामा, मी तुम्हाला कडुलिंबाखाली एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर द्यायचं काम खरं तर माझंच होतं. हा घ्या. आता कागद आहे.